वडाळ्याचे फेअरबँक साहेब

आपल्या खानदेशातील पुष्कळ उपदेशक बंधूंना जन्मगावापासून दूर राहून प्रभूची सेवा करावी लागते. कोणी नगरकडून अमळनेरास येतो, कोणी जळगावाहून शिरपुराकडे जातो. तेथील बोली निराळी, पाणी निराळे, माणसे अनोळखी. मग मन उदास होते व बदलीची वाट पाहण्यात दिवस जातात. अशा बंधूंसाठी रेव्हरंड सॅम्युएल बेकन फेअरबँक यांचे चरित्र येथे थोडक्यात देत आहो.

फेअरबँक साहेबांचा जन्म १८२२ साली अमेरिकेतील कनेक्टिकट प्रांतात झाला. धर्मशिक्षण पुरे करून ते १८४६ साली पत्नी ॲबी हिच्यासह अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेसाठी या देशी आले. प्रथम नगर येथे व पुढे काही वर्षे मुंबईत त्यांनी काम केले. थोड्याच वर्षांत त्यांच्या पत्नीस देवाज्ञा झाली. परमुलुखात संसार असा मोडला असता मायदेशी कायमचे परतणे कोणीही गैर मानले नसते; परंतु साहेबांनी या देशाची सेवा सोडली नाही. पुढे नगरचे मिशनरी बॅलंटाइन साहेब यांची कन्या मेरी हिच्याशी त्यांचा दुसरा विवाह झाला आणि १८५७ साली हे कुटुंब वडाळे गावी राहावयास गेले.

ते साल कसे होते हे वाचकांनी ध्यानात आणावे. उत्तर हिंदुस्थानात मोठा उठाव झाला होता. नगर जिल्ह्याच्या पश्चिम भागात भागोजी नाईक व आपल्या सातपुड्यात खाज्या नाईक यांनी सरकारविरुद्ध शस्त्र उचलले होते. गोऱ्या माणसांनी फौजेच्या छावणीजवळ राहावे असा तो काळ. अशा काळी साहेबांनी नगरपासून सुमारे २५ मैलांवर, नेवासे तालुक्यातील एका खेड्यात बिऱ्हाड केले.

वडाळ्याचा मुलूख कोणाच्या डोळ्यांत भरावा असा नव्हे. सपाट माळ, काळी जमीन, बाभळी व निंब, आणि पाऊस बेभरवशाचा. परंतु साहेबांचे या भूमीवर मन जडले. सुवार्तेसाठी गावोगाव फिरताना वाटेतील झाडझुडूप व पाखरू ते बारकाईने पाहत. गोगलगायींचे शंखदेखील त्यांनी गोळा केले. खंडाळा, महाबळेश्वर, बेळगाव व नगर या भागांतील पक्ष्यांची त्यांनी केलेली यादी १८७६ साली एका विद्वन्मान्य नियतकालिकात छापली गेली. दक्षिणेतील पळणीच्या डोंगरात त्यांना सापडलेल्या एका गाणाऱ्या पाखरास शास्त्रज्ञांनी १८६९ साली त्यांचेच नाव दिले, व ते अद्याप चालू आहे. देवाने निर्माण केलेल्या वस्तू नीट पाहून त्यांची ओळख करून घेणे हीही त्यांना भक्तीच वाटे.

त्या भागातील ख्रिस्ती मंडळींत बहुतेक लोक गावकुसाबाहेरच्या वस्तीतले होते. आपल्याच गावात त्यांना पाणवठा बंद, चावडी बंद. पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहूनही ते परके ठरले होते. ज्या गावाने त्यांना दूर लोटले, त्या मुलखात हजारो कोसांवरून आलेला एक मनुष्य आपणहून घर करून राहिला, याने त्यांस किती धीर आला असेल! पुढे १८७६ ते १८७८ या वर्षांत दक्षिणेत घोर दुष्काळ पडला. त्या दुःखाच्या काळीही वडाळ्याचे ठाणे उठले नाही.

साहेबांची दुसरी पत्नीही त्यांच्याआधी निवर्तली. तरी सेवेत खंड पडला नाही. १८९८ साली त्यांचा अंत झाला तोही या देशातच. त्यांचे चिरंजीव हेन्री व एडवर्ड हे नगर जिल्ह्यातच सेवेस लागले, आणि एडवर्ड यांनी वडाळ्याचेच काम पुढे चालविले. कन्या केटी हिने नगरचे मिशनरी ह्यूम साहेब यांच्याशी संसार केला. बापाने निवडलेला मुलूख मुलांस आपला वाटला.

बंधूंनो, अब्राहाम कनान देशात उपरा म्हणून आला, पण तेथे त्याने वेदी बांधली, विहिरी खणल्या व झाडे लावली. बाबेलास नेलेल्या लोकांसही देवाने यिर्मयाच्या हाती हेच कळविले, की तेथे घरे बांधा, मळे लावा व त्या नगराचे हित पाहा. तुम्ही ज्या गावी नेमले गेला आहा, तेथील अहिराणी, भिली किंवा पावरी बोली शिका. कोणत्या शेतात काय पेरले, कोणाच्या घरी कोण आजारी, नदीस पूर केव्हा येतो, हे जाणून घ्या. दाराशी एक निंब लावा. त्याच्या सावलीत आपण बसू की मागून येणारा बसेल, ही चिंता प्रभूवर सोपवा.