संकटकाळचा लोकसेवक : यशवंतराव चव्हाण

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही गावे ओळीने लागतात. बदलापूर हे पूर्वी प्रवासी व स्वार यांचे घोडे बदलण्याचे ठिकाण होते, असे सांगतात. अंबरनाथला संरक्षण खात्याचे कारखाने उभे राहिले. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैनिकांकरिता बांधलेल्या छावणीत 1947 च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी आसरा घेतला. त्या वसाहतीला 1949 मध्ये उल्हासनगर हे नाव मिळाले. राज्यकर्त्यांच्या निर्णयांचे बरेवाईट फळ अखेर सामान्य माणसालाच भोगावे लागते, हे अशा गावांना पाहून कळते. म्हणून युद्धकाळात पुढाऱ्याची पारख त्याच्या भाषणांवरून न करता त्याच्या कृतीवरून करावी लागते. अशा कसोटीला उभे राहिलेले एक नेते म्हणजे यशवंतराव चव्हाण.

त्यांचा जन्म 12 मार्च 1913 रोजी आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे या खेड्यात झाला. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. आई विठाबाईंनी मोठ्या कष्टाने मुलांना वाढविले. कऱ्हाड येथे शिकत असताना 1932 मध्ये यशवंतरावांना स्वातंत्र्यलढ्यात अठरा महिन्यांची शिक्षा झाली. पुढे ते वकील झाले. परंतु 1942 च्या आंदोलनात त्यांनी भूमिगत राहून काम केले. नुकताच विवाह झालेल्या त्यांच्या पत्नी वेणूताई यांनाही त्या काळात तुरुंगवास घडला. लोकांकडून त्याग मागण्यापूर्वी तो त्यांनी स्वतः केला होता. 1 मे 1960 रोजी ते महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले.

20 ऑक्टोबर 1962 रोजी चीनने उत्तर सीमेवर मोठे आक्रमण केले. हिमालयातील कडाक्याच्या थंडीत आपल्या अनेक जवानांपाशी पुरेसे उबदार कपडेही नव्हते. इकडे आयाबहिणी अंगावरचे दागिने उतरवून राष्ट्रीय संरक्षण निधीत देत होत्या. अशा वेळी पंडित नेहरूंनी यशवंतरावांना दिल्लीस बोलावले आणि 21 नोव्हेंबरला त्यांनी संरक्षणमंत्रिपदाची सूत्रे हाती घेतली.

पराभवाचे खापर मागच्या लोकांवर फोडून मोकळे होणे त्यांना सहज शक्य होते. तसे त्यांनी केले नाही. पराभवाच्या चौकशीचे निष्कर्ष त्यांनी 2 सप्टेंबर 1963 रोजी लोकसभेपुढे थोडक्यात मांडले. डोंगरी युद्धाचे शिक्षण अपुरे होते, साधनसामग्री कमी पडली, वरिष्ठांच्या सूत्रसंचालनातही दोष होते, हे त्यांनी मान्य केले. मात्र संपूर्ण अहवाल प्रसिद्ध करण्यास त्यांनी नकार दिला. सुरक्षिततेसाठी ते आवश्यक आहे, असे त्यांचे म्हणणे होते. लोकांना सारे सत्य कळावयास हवे होते, असे टीकाकारांचे मत होते. हा वाद पुढेही मिटला नाही. मोठ्या माणसाचे मोल ठरविताना त्याच्या कार्याची अशी दुसरी बाजूही दृष्टीआड करू नये.

पण सांगितलेले दोष दूर करण्यात त्यांनी कुचराई केली नाही. सव्वाआठ लाखांचे सैन्य व पंचेचाळीस तुकड्यांचे विमानदल उभारण्याची योजना आखली गेली. डोंगरात लढणारे नवे सैन्यविभाग उभे राहिले. युद्धसाहित्याचे उत्पादन वाढविण्यावर भर देण्यात आला. सीमेवरच्या जवानाइतकाच अंबरनाथसारख्या ठिकाणी यंत्रापुढे उभा असलेला कामगारही देशाच्या संरक्षणाचा भागीदार ठरला.

तीन वर्षांच्या आतच या तयारीची परीक्षा झाली. 1 सप्टेंबर 1965 रोजी पाकिस्तानी रणगाडे छांब भागात घुसले. सेनाधिकाऱ्यांनी विमानदलाची मदत मागताच यशवंतरावांनी विलंब न लावता अनुमती दिली. त्या पहिल्याच सायंकाळी आपली चार विमाने पडली. असा निर्णय किती जड असतो, हे त्यावरून दिसते. तरीही त्यांनी सेनानींवरील विश्वास ढळू दिला नाही. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली 6 सप्टेंबरला आपल्या सेनेने लाहोरच्या दिशेने सीमा ओलांडली. 23 सप्टेंबरला युद्ध थांबले. 1962 मध्ये खचलेले सैन्य पुन्हा ताठ मानेने उभे राहिले होते.

पुढे यशवंतरावांनी गृह, अर्थ व परराष्ट्र ही खाती सांभाळली. 25 नोव्हेंबर 1984 रोजी त्यांचे निधन झाले.

रणांगणावर विजय मिळवितो तो सैनिक. त्याच्या हाती वेळेवर साधन देणे आणि आपल्या निर्णयाची जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेणे, हे पुढाऱ्याचे कर्तव्य होय. ज्यांनी अंगावरचे सोने दिले आणि ज्यांनी घरचा मुलगा सीमेवर धाडला, त्यांच्या विश्वासाला तो कितपत जागला, हे पाहूनच त्याची थोरवी ठरवावी.