गृहशास्त्राच्या आद्य प्रवर्तिका : एलेन स्वॉलो रिचर्ड्स

मुलगी मोठ्या इयत्तेत गेली की पुढे तिने काय शिकावे, हा प्रश्न आपल्या घरोघर निघतो. अशा वेळी कोणी गृहविज्ञानाचे नाव घेतले तर बहुतेकांच्या मुद्रेवर औदासीन्य दिसते. स्वयंपाक काय, ती आईपाशी शिकेलच, त्यासाठी शाळेची पायरी चढावयास कशाला हवी, असा एकंदर भाव असतो. आयुष्यभर मास्तरकी केल्यामुळे हा प्रसंग आम्ही पुष्कळ वेळा पाहिला आहे. परंतु या विषयाचा पाया ज्या विदुषीने घातला, तिने तो स्वयंपाकघरातून नव्हे, तर रसायनशाळेतून घातला, हे फारच थोड्यांस ठाऊक असते. म्हणून यंदा तिचे चरित्र स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

एलेन स्वॉलो यांचा जन्म अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात डन्स्टेबल या खेड्यात ३ डिसेंबर १८४२ रोजी झाला. आईबाप दोघेही पूर्वी शिक्षकी करीत. पुढे वडिलांनी शेती केली, मग दुकान काढले. मुलगी आरंभी घरीच शिकली, दुकानात गिऱ्हाइकांस माल देऊ लागली आणि आई वरचेवर आजारी असल्याने घरही सांभाळू लागली. लहानपणी एका जत्रेतील प्रदर्शनात तिला दोन बक्षिसे मिळाली, एक भरतकाम केलेल्या रुमालाबद्दल व दुसरे पावाबद्दल. तेव्हा बाईंस घरकाम येत नव्हते म्हणून त्या पुस्तकांकडे वळल्या, असे कोणी समजू नये.

महाविद्यालयात जाण्याची ओढ मोठी, पण पैसा नव्हता. शिकवण्या, दुसऱ्यांकडील स्वयंपाक, झाडलोट, रुग्णांची शुश्रूषा, मिळेल ते काम करून त्यांनी तीनशे डॉलर साठविले आणि वयाच्या पंचविसाव्या वर्षी, १८६८ साली, व्हॅसार या स्त्रियांच्या महाविद्यालयात नाव घातले. तेथे ज्योतिर्विदुषी मारिया मिचेल त्यांच्या गुरू होत्या. शिष्येस ज्योतिषाचीही गोडी लागली होती, तथापि तिचा ओढा रसायनाकडे राहिला, कारण त्या विद्येचा माणसांच्या नित्य जीवनाशी संबंध अधिक जवळचा आहे असे तिला वाटले. १८७० साली पदवी मिळाली. नंतर एका रसायनज्ञांच्या पेढीत उमेदवारी मागितली असता नकार आला व बोस्टनच्या तंत्रसंस्थेत प्रयत्न करून पाहावा असे सुचविण्यात आले. हीच संस्था आज एम. आय. टी. या नावाने आपल्याकडील मुलांसही परिचित आहे. त्या काळी तेथे एकही स्त्री विद्यार्थी नव्हती.

संस्थेने त्यांस विशेष विद्यार्थिनी म्हणून घेतले आणि फी माफ केली. आपली गरिबी पाहून ही कृपा झाली असावी, असे एलेनबाईंस वाटले. खरे कारण त्यांस पुढे कळले. उद्या कोणी आक्षेप घेतलाच तर ही बाई आमची विद्यार्थिनीच नव्हे, असे म्हणण्याची सोय संस्थेने करून ठेविली होती! या गोष्टीचा त्यांनी कोठे बोभाटा केला नाही. प्रयोगशाळेत त्या सुईदोरा जवळ बाळगीत, कोणा अध्यापकाचे काही उसवले तर टाका घालून देत, टेबले पुसून ठेवीत. शिक्षणाने स्त्री बिघडते असे म्हणावयास कोणास जागा राहू नये, हा त्यांतील हेतू. आम्हांस हे वाचून प्रथम कौतुक वाटले व मागाहून थोडी खंतही वाटली, कारण बरोबरच्या मुलांस असा दाखला द्यावा लागत नव्हता. १८७३ साली त्यांस विज्ञानाची पदवी मिळाली. त्या संस्थेची पदवी घेणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. डॉक्टरेट मात्र संस्थेने दिली नाही.

१८७५ साली खनिशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट रिचर्ड्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. लग्नानंतरचा प्रवास म्हणजे पतीच्या विद्यार्थ्यांचा तांडा बरोबर घेऊन नोव्हा स्कोशियाच्या खाणी पाहणे! दुसऱ्याच वर्षी त्यांनी संस्थेत स्त्रियांची प्रयोगशाळा सुरू करविली आणि तेथे बिनपगारी शिकविले. पुढे स्त्रियांस नियमित प्रवेश मिळू लागला तेव्हा तिचे प्रयोजन संपले. १८८४ पासून त्या आरोग्य-रसायनाच्या अध्यापिका झाल्या आणि अखेरपर्यंत त्याच जागेवर राहिल्या. प्राध्यापकपद त्यांस कधी मिळाले नाही.

त्यांचे खरे मोठे कार्य पाण्याचे. १८८७ पासून राज्याच्या आरोग्य मंडळासाठी राज्यभरातील नद्या, तळी व विहिरी यांच्या पाण्याची तपासणी झाली. हजारो नमुने बाईंच्या देखरेखीखाली तपासले गेले. पाण्यात क्षाराचा अंश, म्हणजे क्लोराइड, असतोच. समुद्राजवळ तो अधिक असतो व आत जावे तसा कमी होतो. प्रत्येक ठिकाणी निसर्गतः किती असावा, याच्या रेषा नकाशावर काढल्या. मग एखाद्या गावी त्याहून अधिक भरला की तेथे माणसांचे सांडपाणी मिसळते आहे असे ओळखावे. चवीला गोड व डोळ्यांस निर्मळ दिसणारे पाणी या कसोटीस उतरत नसे. ज्या काळी विषमज्वराने घरेच्या घरे बसत, त्या काळी या नकाशाचे मोल केवढे असेल, याची कल्पना वाचकांनी करावी.

किराणा मालातील भेसळीवरही त्यांनी असाच प्रकाश टाकला. १८८२ साली त्यांनी स्वयंपाक व स्वच्छता यांच्या रसायनावर पुस्तक लिहिले. सोडा फुगतो का, साबण मळ काढतो कसा, हे गृहिणीस कळले पाहिजे, दुकानदार सांगेल ते तिने मुकाट्याने घेऊ नये, असा त्यांचा कटाक्ष असे. स्वतःचे घर तर प्रयोगशाळाच होती. धूळ धरणारे गालिचे व जाड पडदे त्यांनी काढून टाकले आणि हवा खेळती ठेविली.

एका कार्यात मात्र त्यांस अपयश आले. १८९० साली बोस्टन येथे गरिबांसाठी स्वस्त व पौष्टिक अन्नाचे एक स्वयंपाकघर उघडले. पदार्थ शास्त्रशुद्ध होते, परंतु परदेशांतून आलेल्या मजुरांस ते रुचेनात. त्यांस आपापल्या देशची चव हवी होती. माणूस केवळ पोषक द्रव्ये खात नाही, हे त्या विदुषीच्याही ध्यानात आधी आले नाही! तथापि तेच स्वयंपाकघर १८९४ पासून बोस्टनच्या हायस्कुलांतील मुलांस दुपारचे जेवण पुरवू लागले. शाळेत जेवण देण्याची अमेरिकेतील ही आरंभीची व्यवस्था.

१८९९ साली लेक प्लॅसिड येथे, ग्रंथालयांच्या दशांश वर्गीकरणाने प्रसिद्ध असलेल्या मेल्व्हिल ड्यूई यांच्याकडे, अकरा मंडळी जमली व या विषयाचे नाव ठरले. पुढे १९०८ पर्यंत परिषदा भरत राहिल्या. त्यांतून राष्ट्रीय संघटना उभी राहिली व एलेनबाई तिच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. ३० मार्च १९११ रोजी त्या निवर्तल्या. आजारी पडण्यापूर्वी त्या आपल्या संस्थेच्या पन्नासाव्या वर्षानिमित्त निबंध तयार करीत होत्या. उपयोजित शास्त्रास वकिली-वैद्यकीसारख्या मानाच्या पेशांच्या बरोबरीचे स्थान मिळावे, हा त्याचा विषय होता.

१९१७ साली तेथील सरकारने शेती व कारागिरी यांच्या जोडीने या विषयासही पैसा दिला आणि तो हायस्कुलाहायस्कुलांत गेला. पण जाताना वाटेत रसायन बरेच सांडले. शतकाच्या मध्यास मुलींनी शिवण व स्वयंपाक, मुलांनी सुतारकाम व लोहारकाम, अशी वाटणी तेथे सर्रास झालेली होती. १९७२ च्या कायद्यानंतर ती मोडू लागली.

आपल्याकडे महर्षी अण्णासाहेब कर्वे यांच्या महिला विद्यापीठाने १९१६ पासून गृहशास्त्र व आरोग्य यांस अभ्यासक्रमात स्थान दिले. दिल्लीस १९३२ साली लेडी आयर्विन महाविद्यालय निघाले. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय हायस्कुलांसाठी सात शाखा सुचविल्या, त्यांत तंत्रविषय व शेतीबरोबर गृहविज्ञानही होते. योजना उत्तम होती. प्रत्यक्षात काय झाले, याचे एक उदाहरण आमच्याच घरी घडले.

आमच्या थोरल्या भगिनी जुन्या अकरावीच्या मॅट्रिकला होत्या. गणितात त्यांचा हात कोणी धरीत नसे. परंतु मुलींस वरचे गणित काय करावयाचे, असे म्हणून त्यांच्या शाळेत त्यांस गृहशास्त्र देण्यात आले. वडिलांनीही हरकत घेतली नाही. ती वही आम्ही पाहिली आहे. मोरावळ्याची कृती, काजे-बटणे, टाक्यांचे नमुने, सारे सुवाच्य अक्षरांत. पाण्याचा एक थेंबही कधी तपासलेला त्यांस स्मरत नाही. विषय वाईट नव्हता, त्यातील विद्या काढून घेऊन तो त्यांच्या हाती दिला होता.

हा लेख छापावयास देण्यापूर्वी आम्ही तो त्यांस वाचून दाखविला. सुईदोऱ्याच्या प्रसंगी त्या हसल्या. मग पाण्यातले क्लोराइड मोजतात तरी कसे, असे त्यांनी विचारले. आम्ही मॅट्रिकपर्यंतच शिकलेले, आम्हांस ते धड सांगता येईना. शेवटी महाविद्यालयात जाणाऱ्या त्यांच्या नातीस हाक मारावी लागली.