राष्ट्रसंत तुकडोजी महाराज : भजन, सामुदायिक प्रार्थना आणि त्यांमागील श्रद्धा

मराठी भक्तिगीताचा अभ्यास बहुधा ज्ञानदेवांपासून सुरू होऊन तुकोबा-निळोबांपाशी थांबतो. त्यानंतरचा अभ्यासक शाहिरी काव्याकडे आणि तेथून केशवसुतांकडे वळतो. परिणामी विसाव्या शतकात जी उपासनागीते प्रत्यक्ष रचली गेली, गायली गेली आणि ज्यांनी सामान्य माणसाच्या धर्मकल्पनेला नवे वळण दिले, ती वाङ्मयेतिहासाच्या कडेलाच राहिली. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांची उपासनागीते हा अशा रचनेचा एक प्रवाह होय. वऱ्हाडातील खंजिरी भजन हा दुसरा. या दुसऱ्या प्रवाहाचे प्रवर्तक राष्ट्रसंत तुकडोजी महाराज यांच्या जीवनाचा त्यांच्या भजनाच्या अंगाने विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. महाराजांच्या ठायी भजन हे श्रद्धेचे केवळ प्रकटीकरण नव्हते, तर श्रद्धेला सामुदायिक आचाराचे रूप देणारे ते साधन होते. त्यांच्या रचनेचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा या दोहोंचा उगम याच भूमिकेत आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली या गावी झाला. त्यांचे मूळ नाव माणिक. वडील बंडोपंत इंगळे शिवणकाम करीत. आईचे नाव मंजुळाबाई. घरची स्थिती अत्यंत ओढग्रस्तीची होती आणि मुलाचे शिक्षण प्राथमिक शाळेच्या पहिल्या काही इयत्तांपलीकडे गेले नाही. मात्र वरखेड येथील आडकोजी महाराजांचा सहवास त्यांना बालवयातच लाभला. भिक्षेच्या तुकड्यांवर वाढलेल्या या मुलाला गुरूने तुकड्या हे नाव दिले, असे परंपरा सांगते. पुढे हेच नाव त्यांनी आपल्या रचनेत मुद्रा म्हणून धारण केले. संतपरंपरेतील नाममुद्रा सामान्यतः जन्मनामावरून येते. येथे ती दारिद्र्याच्या खुणेवरून आली आहे. आपली ओळख भिक्षान्नाशी कायमची बांधून घेणाऱ्या या कवीने उत्तरायुष्यात राष्ट्रपतींपासून शेतमजुरांपर्यंत सर्वांपुढे गायन केले. पण मुद्रा बदलली नाही.

कुमारवयात त्यांनी घर सोडले. रामटेक, सालबर्डी, रामदिघी आणि चिमूरजवळील गोंदोडा या अरण्यप्रदेशांत त्यांनी साधना केली. साधकाचा हा एकांतवास संपून ते गावोगाव हिंडू लागले तेव्हा त्यांच्या हाती खंजिरी होती. भजनी मंडळीचे मृदंग, वीणा व टाळ हे साहित्य आणि त्यामागील अनेक माणसांची जुळवाजुळव येथे लागत नाही. एका हातात धरता येणारे, झांजांच्या चकत्या असलेले हे लहान चर्मवाद्य एकट्या फिरस्त्यालाही पुरते. त्याची लय जलद व ठसकेबाज असते आणि श्रोता टाळ्यांनी तिच्यात सहज सामील होतो. वाद्याची ही निवड पुढील रचनेच्या घडणीवर परिणाम करणारी ठरली. छोटे चरण, ध्रुवपदाची वारंवार आवृत्ती, पहिल्याच श्रवणात कळणारा शब्द आणि कडव्याच्या अखेरीस थेट उपदेश ही त्यांच्या भजनांची वैशिष्ट्ये खंजिरीच्या लयीतूनच आलेली आहेत.

भाषेचाही येथे विचार केला पाहिजे. वऱ्हाड त्या काळी मध्य प्रांताला जोडलेला होता. नागपूरच्या बाजारात व कचेरीत हिंदी रोजची होती. महाराजांनी मराठीइतक्याच सहजतेने हिंदीत, आणि तीही उर्दू शब्दांना दार मोकळे ठेवणारी, विपुल रचना केली. मराठी वाङ्मयेतिहासाने त्यांची पुरेशी दखल घेतली नाही, याचे एक कारण या द्वैभाषिकतेतही असावे.

१९३५ साली सालबर्डी येथे त्यांच्या पुढाकाराने मोठा यज्ञ झाला व त्यास प्रचंड जनसमुदाय लोटला. त्याच सुमारास नागपूर-अमरावती मार्गावरील मोझरी येथे गुरुकुंज आश्रमाची स्थापना झाली. १९३६ साली महात्मा गांधींच्या निमंत्रणावरून ते सेवाग्रामला गेले आणि तेथे सुमारे एक महिना राहिले. गांधींच्या प्रार्थनेत गीतेचे श्लोक, संतांची भजने, कुराणातील वचने आणि ख्रिस्ती स्तोत्रगीते यांना जागा होती. या सहवासाने महाराजांना श्रद्धा दिली असे म्हणता येणार नाही. ती त्यांच्याजवळ होतीच. तथापि यज्ञाला जमणारा समुदाय आणि रोज ठरलेल्या वेळी शिस्तीने प्रार्थनेला बसणारा समुदाय यांतील अंतर सेवाग्रामच्या वास्तव्यानंतरच्या त्यांच्या कार्यात स्पष्ट दिसते. उत्सवाकडून नित्यक्रमाकडे झालेला हा प्रवास त्यांच्या जीवनातील महत्त्वाचे वळण होय.

या भजनाची कसोटी १९४२ साली लागली. १६ ऑगस्ट रोजी, नागपंचमीच्या दिवशी, चिमूर आणि आष्टी येथे जनतेचा उठाव झाला. यावलीनेही त्या लढ्यात रक्त सांडले. म्हणूनच ते गाव आज यावली शहीद म्हणून ओळखले जाते. महाराजांची भजने या भागात गेली काही वर्षे घुमत होती आणि त्यांतील आवाहनाचा या उठावाशी असलेला संबंध शासनाच्या नजरेतून सुटला नाही. ऑगस्टच्या अखेरीस त्यांना अटक झाली व नागपूर आणि रायपूर येथील तुरुंगांत ठेवण्यात आले; डिसेंबरात त्यांची सुटका झाली. भजन गाणाऱ्यास राज्यसत्तेने धोकादायक मानावे, ही घटना वाङ्मयाच्या अभ्यासकालाही विचार करायला लावणारी आहे.

सुटकेनंतर १९४३ साली श्रीगुरुदेव सेवामंडळाच्या कार्याला संघटित रूप आले आणि ‘श्रीगुरुदेव’ हे मासिक सुरू झाले. मंडळाच्या गावोगावच्या शाखांचा प्राण म्हणजे पहाटेचे सामुदायिक ध्यान आणि सायंकाळची सामुदायिक प्रार्थना. प्रार्थनेत मूर्ती नसते. समोर मांडलेले रिक्त अधिष्ठान हेच ध्यानाचे केंद्र असते. स्त्रीपुरुष ओळीने, जातीचा विचार न करता बसतात आणि शेवटी राष्ट्रवंदना होते. मूर्ती नाही म्हणजे पुजारी नाही, पुजारी नाही म्हणजे सोवळे नाही आणि सोवळे नाही म्हणजे कुणाला उंबऱ्याबाहेर ठेवण्याचे कारणही नाही, अशी या रचनेमागील संगती आहे. अस्पृश्यतेचा निषेध करणारी भजने महाराजांनी पुष्कळ लिहिली. परंतु त्यांतील सर्वांत प्रभावी निषेध या बैठकीच्या मांडणीत आहे, असे म्हणावे लागते.

भजनांतील श्रद्धेचे स्वरूपही याच मांडणीशी जुळणारे आहे. देव एक असून निरनिराळ्या देशांत आणि वेशांत तोच नटला आहे, ही कल्पना त्यांच्या हिंदी पदांत वारंवार येते. मनात भाव नसताना देवाकडे मागणे मागणाऱ्यांना त्यांचे एक प्रसिद्ध मराठी भजन खडसावते. महाराष्ट्रातील कित्येक शाळांत गायली जाणारी त्यांची एक प्रार्थना भारतात बंधुभाव नांदावा एवढेच वरदान मागते आणि तसे करताना हिंदू, ख्रिस्ती व इस्लामी या समाजांचा नावानिशी उल्लेख करते. मराठी प्रार्थनागीतात ‘सर्व’ या शब्दाने भागत असताना अशी नावे घेणे ही साधी बाब नव्हे. नाव घेतले की तो शेजारी प्रार्थनेत प्रत्यक्ष उपस्थित होतो.

या संदर्भात रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्याशी तुलना उद्बोधक ठरते. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. तोपर्यंत मराठी ख्रिस्ती उपासनेत भाषांतरित गीतांचा आणि परक्या चालींचा भरणा होता. टिळकांनी अभंग, ओवी व पद या देशी घाटांत ख्रिस्तभक्ती ओतली. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातील त्यांचा वाटा मोठा आहे. १९१९ साली त्यांचे निधन झाले तेव्हा माणिक दहा वर्षांचा होता. दोघांत प्रत्यक्ष दुवा नाही. तरीही दोघांचा प्रश्न एका जातीचा आहे : परंपरेने दिलेला घाट राखून त्यात नवा आशय कसा भरावा? टिळकांनी नव्या उपास्याला जुनी वाणी दिली. तुकडोजींनी जुन्या भजनाला ग्रामसेवेचे नवे प्रयोजन दिले. टिळकांच्या गीतात उपासकाचे हृदय अधिक उघडे पडते. तुकडोजींच्या भजनात श्रोत्याचे कर्तव्य अधिक स्पष्ट होते.

हे कर्तव्य १९५५ साली पूर्ण झालेल्या ‘ग्रामगीते’त विस्ताराने आले आहे. ४१ अध्यायांच्या या ओवीबद्ध ग्रंथात ग्रामशुद्धी, ग्राम-आरोग्य, महिलोन्नती असे विषय आहेत आणि सामुदायिक प्रार्थनेलाही स्वतंत्र स्थान आहे. ग्रंथ अर्पण केला आहे तो गावालाच देव मानून. ज्ञानेश्वरीपासून तत्त्वनिरूपणाला सरावलेली ओवी येथे शोषखड्डे, रस्ते आणि भांडणतंटे यांबद्दल बोलते. भजनाने जे मन तयार करावयाचे त्याचा हा आचारग्रंथ होय. आजही महाराजांचा जन्मदिवस ग्रामजयंती म्हणून साजरा होतो, ही गोष्ट या नात्यावर पुरेसा प्रकाश टाकते.

त्यानंतरचा काळ मानसन्मानाचा होता. १९५५ साली जपानमधील विश्वधर्म व शांतता परिषदेत त्यांच्या खंजिरीचा नाद घुमला. १९५६ साली स्थापन झालेल्या भारत साधु समाजाचे ते पहिले अध्यक्ष झाले. डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी त्यांना दिलेली राष्ट्रसंत ही उपाधी लोकांच्या तोंडी रुळली. १९६४ साली मुंबईत विश्व हिंदू परिषदेची स्थापना झाली त्या वेळी जमलेल्या धार्मिक पुढाऱ्यांतही ते होते. ख्रिस्ती आणि इस्लामी शेजाऱ्याला नावानिशी प्रार्थनेत घेणारा कवी आणि हिंदू समाजाच्या संघटनेत सहभागी होणारा संत, या दोन प्रतिमा आजच्या वाचकाला परस्परविरोधी वाटतील. एकीचा आधार घेऊन दुसरी पुसून टाकण्याचे प्रयत्न चरित्रलेखनाच्या दृष्टीने अयोग्य होत. दोन्ही नोंदी ठेवूनच त्यांच्या श्रद्धेचे मोजमाप केले पाहिजे; आणि तसे करताना त्यांनी रोजच्या प्रार्थनेत काय गावयास लावले, याला सभांतील उपस्थितीहून अधिक वजन द्यावे लागेल.

वाङ्मयीन मूल्यमापनाचा प्रश्न उरतो. छापील पानावर वाचली असता या भजनांपैकी अनेक प्रचारपर वाटतात. प्रतिमा परिचित असतात, उपदेश उघड असतो, आणि तुकोबांच्या अभंगातील आत्मसंघर्ष येथे क्वचितच आढळतो. हा आक्षेप नाकारण्याचे कारण नाही. समूहाने गावयाच्या गीतातून व्यक्तीची शंका आणि तळमळ बाजूला पडते. ती किंमत महाराजांनी जाणूनबुजून मोजली, असे दिसते. मात्र झोपडीतील समाधान राजवाड्यातील वैभवापेक्षा थोर मानणारे त्यांचे भजन ऐकताना हा आक्षेप थोडा सैल पडतो. तेथील वर्ण्य झोपडी ही उपदेशासाठी घेतलेली कल्पना नाही. यावलीच्या शिंप्याच्या घरातील ती ओळखीची वस्तू आहे. जेथे स्वानुभव आणि सामुदायिक प्रयोजन एकत्र येतात तेथे त्यांची रचना उत्तम काव्याच्या जवळ जाते. प्रचारगीत आणि काव्य यांतील सीमारेषा त्यांच्याच रचनेतून तपासण्याचे काम अजून व्हावयाचे आहे, आणि ते केवळ पाठावरून होणार नाही. चाल, लय, गाणारा समुदाय आणि बैठकीची रीत यांसह या भजनांचे संकलन व ध्वनिमुद्रण व्हावयास हवे. कारण लहानपणी महाराजांच्या समोर बसून ही भजने ऐकलेली पिढी वेगाने ओसरत आहे.

११ ऑक्टोबर १९६८ रोजी गुरुकुंज येथे कर्करोगाने महाराजांचे देहावसान झाले. आश्रमासमोरच त्यांची समाधी आहे. २००५ साली नागपूर विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. तिसऱ्या-चौथ्या इयत्तेपाशी शाळा सुटलेल्या माणसाचे नाव उच्च शिक्षणाच्या संस्थेने धारण केले. तथापि त्यांचे खरे स्मारक मोझरीतच आहे. दरवर्षी पुण्यतिथी महोत्सवात दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी, म्हणजे त्यांच्या निर्वाणाच्या वेळी, लक्षावधी माणसे मौन श्रद्धांजली वाहतात आणि निरनिराळ्या धर्मांच्या प्रार्थनाही होतात. आयुष्यभर ज्याने समुदायाला गावयास शिकविले त्याला समुदाय मौनाने वंदन करतो. एकत्र गाणे आणि एकत्र गप्प राहणे या दोन्हींना लागणारी शिस्त एकच आहे, आणि ती शिस्त हाच त्यांच्या भजनामागील श्रद्धेचा संदेश होय.