डिझेल नावाचा माणूस

पनवेल हे रस्त्यांचे गाव आहे. न्हावा-शेवा बंदरातून निघालेले कंटेनर, बोर घाट चढून पुण्याला जाणारे ट्रक, गोव्याच्या दिशेने वळणाऱ्या गाड्या, या सगळ्यांची वाट इथूनच जाते. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग जवळच्या कळंबोलीला सुरू होतो. तुम्ही पनवेलचे असाल, तर रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या ट्रकांची घरघर नक्कीच ऐकली असेल. या ट्रकांच्या टाकीत जे तेल ओततात त्याला आपण डिझेल म्हणतो. हा शब्द दिवसभरात कितीतरी लोकांच्या तोंडी येतो. पण ते एका माणसाचे आडनाव आहे, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. त्या माणसाची ही हकिकत आहे.

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिस शहरात झाला. आईवडील मूळचे जर्मनीतील बव्हेरियाचे. वडील पुस्तकबांधणीचे काम शिकलेले होते. तुम्ही घरी ज्याला जिल्दसाज म्हणता, तेच काम. पुढे ते चामड्याच्या वस्तू बनवू लागले. तयार माल हातगाडीवर घालून गिऱ्हाइकांच्या घरी पोचवण्याचे काम लहानग्या रुडॉल्फकडे असे. वेळ मिळाला की तो पॅरिसच्या यंत्रांच्या संग्रहालयात जाई. तिथे क्युन्यो नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याने सुमारे १७७० साली बनवलेली वाफेची गाडी ठेवलेली होती. ती तोफा ओढण्यासाठी बनवली होती. म्हणजे यंत्राने चालणारी जगातली पहिली मोठी गाडी माणसांसाठी नव्हती, ओझ्यासाठी होती!

१८७० मध्ये फ्रान्स आणि जर्मन राज्ये यांच्यात युद्ध पेटले. पॅरिसमध्ये राहणारे जर्मन एका रात्रीत परके झाले. डिझेल कुटुंबाला घरदार सोडून लंडनला जावे लागले. तिथे सगळ्यांचे पोट भरणे कठीण होते. म्हणून बारा वर्षांच्या रुडॉल्फला एकट्यालाच जर्मनीत आउग्सबुर्गला नातेवाइकांकडे पाठवण्यात आले. त्या घरचे काका एका शाळेत गणित शिकवत. त्याच शाळेत रुडॉल्फचे शिक्षण सुरू झाले. आपण अभियंता व्हायचे, हे त्याने कोवळ्या वयातच ठरवून टाकले. मुलाने लवकर कमावते व्हावे, अशी आईवडिलांची इच्छा होती. पण त्याला शिष्यवृत्ती मिळाली आणि १८७५ मध्ये तो म्युनिकच्या तंत्रशाळेत दाखल झाला.

या शिक्षणात एक गोष्ट त्याच्या मनात घर करून बसली. कार्ल फॉन लिंडे हे त्याचे प्राध्यापक होते. थंडावा निर्माण करणाऱ्या यंत्रांसाठी ते प्रसिद्ध होते. वाफेचे इंजिन कोळशातील उष्णतेपैकी केवळ सहा ते दहा टक्के उष्णता कामाला लावते, हे रुडॉल्फ त्यांच्या वर्गात शिकला. हिशेब करून पाहा. शंभर रुपयांचा कोळसा जाळला, तर फार तर दहा रुपयांचे काम. बाकीचे नव्वद रुपये धुराड्यातून आकाशात! ही उधळपट्टी थांबवणारे इंजिन बनवायचे, हा ध्यास त्याला लागला तो कायमचा.

त्याच्या डोक्यात जी कल्पना आली ती समजायला तुम्हाला प्रयोगशाळा नको. सायकलच्या चाकात पंपाने जोरजोरात हवा भरा आणि मग पंपाच्या खालच्या टोकाला हात लावा. ते गरम लागेल. हवा दाबली की तापते. डिझेल यांनी विचार केला, की बंद नळकांड्यात हवा इतकी दाबावी, इतकी दाबावी, की ती निखाऱ्यासारखी तापेल. मग तिच्यात थोडेसे इंधन सोडावे. ते आपोआप पेट घेईल. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडावी लागते, इथे ठिणगीची गरजच नाही. आणि हवा जितकी जास्त दाबावी, तितकी इंधनाची बचत अधिक.

कल्पना सोपी, पण लोखंडात उतरवणे महाकठीण. पदवी घेतल्यावर डिझेल यांनी बरीच वर्षे लिंडे यांच्या बर्फाच्या कारखान्यांत नोकरी केली, पॅरिसमध्ये आणि नंतर बर्लिनमध्ये. १८८३ मध्ये त्यांचे मार्था यांच्याशी लग्न झाले. पुढे तीन मुले झाली. नोकरी सांभाळून त्यांनी वाफेऐवजी अमोनियावर चालणारे इंजिन करून पाहिले. त्यात कित्येक वर्षे गेली आणि हाती काही लागले नाही. अखेर २३ फेब्रुवारी १८९३ रोजी त्यांना नव्या इंजिनाचे पेटंट मिळाले. आउग्सबुर्गच्या यंत्र कारखान्याने जागा व कारागीर दिले आणि क्रुप या पोलादाच्या कंपनीने पैशाचा भार उचलला.

१० ऑगस्ट १८९३ रोजी पहिली चाचणी झाली. आत इंधनाचा भडका उडाला आणि दाब मोजणारे यंत्र फुटून त्याचे तुकडे उडाले. डिझेल थोडक्यात बचावले. दुसरा एखादा माणूस घाबरला असता. त्यांना मात्र आनंद झाला. दाबलेल्या हवेत इंधन पेटते, हे तर सिद्ध झाले होते! सहा महिन्यांनी, १७ फेब्रुवारी १८९४ रोजी, इंजिन पट्ट्याने फिरवून पाहत होते. अचानक एका कारागिराच्या लक्षात आले, की पट्टा ओढ घेत नाही, उलट इंजिनच पट्ट्याला फिरवत आहे. तो काही बोलला नाही. त्याने फक्त डोक्यावरची टोपी काढली. इंजिन जेमतेम मिनिटभर चालले, पण स्वतःच्या बळावर चालले.

आणखी तीन वर्षे दुरुस्त्या चालल्या. १८९७ मध्ये प्राध्यापक श्रोटर यांनी सर्वांसमक्ष इंजिनाची मोजणी केली. सुमारे तीन मीटर उंच, वीस अश्वशक्तीच्या आसपास ताकद, आणि इंधनातील २६ टक्के उष्णतेचे काम. वाफेच्या इंजिनाच्या जवळजवळ तिप्पट! देशोदेशीचे कारखानदार परवाने मागायला आले आणि डिझेल श्रीमंत झाले.

१९०० साली पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरले. डिझेल यांच्या इंजिनाला तिथे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. तिथले एक छोटे डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले गेले. फ्रेंच सरकारला आफ्रिकेतील आपल्या वसाहतींत पिकणारे तेल वापरता येते का, ते पाहायचे होते. आणि गंमत अशी, की त्याच प्रदर्शनात फर्डिनांड पोर्शे या तरुणाने बनवलेली, बॅटरीवर चालणारी मोटारगाडीही होती. तुम्हाला वाटत असेल, विजेची गाडी ही कालपरवाची गोष्ट. तसे नाही. त्या काळी विजेच्या गाड्या भरपूर होत्या. धूर नाही, आवाज नाही. शहरातल्या शहरात फिरायला त्या उत्तम. पण शिशाची बॅटरी फार जड, आणि थोडे अंतर गेले की संपायची. हायड्रोजन वायूवर इंजिन चालवण्याचा प्रयत्नही द रिवाझ यांनी १८०७ च्या सुमारास केलेला होता. म्हणजे आज वर्तमानपत्रांत तिघांची जी स्पर्धा तुम्ही वाचता, तिचे तिन्ही गडी तेव्हाच मैदानात होते.

मग लांबच्या वाटेवर डिझेल का जिंकले? एक किलो डिझेलमध्ये साधारण बारा युनिट ऊर्जा असते. एक किलोच्या आजच्या चांगल्या बॅटरीतही पाव युनिट मावणे कठीण. हायड्रोजनच्या एका किलोत तेहतीस युनिट असतात खरे, पण तो वायू इतका विरळ, की साध्या हवेच्या साडेतीनशे ते सातशे पट दाबाने मजबूत टाक्यांत कोंबावा लागतो. शिवाय पाण्यापासून विजेने तो बनवायचा, दाबायचा आणि त्याची पुन्हा वीज करायची, यात निम्म्याहून जास्त वीज वाया जाते. बॅटरीचा हिशेब उलटा आहे. तिच्यातील वीज मोटर जवळजवळ पूर्ण वापरते, तर डिझेलचे उत्तम इंजिनही निम्म्याहून अधिक उष्णता हवेत सोडते. घाट उतरताना विजेची गाडी थोडी वीज परत मिळवते. डिझेलचा ट्रक ब्रेक तापवण्यापलीकडे काही करत नाही. मला तर वाटते, उधळपट्टीची चीड असलेले डिझेल आज असते तर त्यांनीच आधी हा हिशेब मांडला असता.

त्यांचे एक स्वप्न मात्र खरे झाले नाही. लहान कारागिराला परवडेल असे इंजिन त्यांना द्यायचे होते, म्हणजे मोठ्या गिरण्यांपुढे त्याचा धंदा टिकेल. १९०३ मध्ये त्यांनी कामगारांच्या सहकारावर एक पुस्तकही लिहिले. ते फारसे कोणी घेतले नाही. इंजिन गेले ते मोठ्या कारखान्यांत आणि जहाजांवर. १९१२ मध्ये डेन्मार्कचे सेलांडिया हे मोठे जहाज डिझेल इंजिनावर महासागर ओलांडून गेले. इंधन फवारण्यासाठी दाबलेली हवा लागे, त्या यंत्रामुळे हे इंजिन रस्त्यावरच्या गाडीला मात्र फार जड होई.

घरातही सुख टिकले नाही. पेटंटचे वाद, डोकेदुखीचा आजार, तेलाच्या आणि जमिनीच्या व्यवहारांत बुडालेला पैसा. म्युनिकच्या मोठ्या बंगल्यात राहणारा हा माणूस आतून कर्जबाजारी झाला होता.

२९ सप्टेंबर १९१३ च्या संध्याकाळी ते अँटवर्प बंदरातून ड्रेस्डेन नावाच्या बोटीने इंग्लंडला निघाले. सोबत्यांबरोबर जेवण झाले. सकाळी सव्वासहाला उठवावे, असे सांगून ते खोलीकडे गेले. सकाळी खोली रिकामी होती. बिछान्यावर कोणी झोपलेले दिसत नव्हते. डेकवर त्यांची टोपी आणि कोट सापडला. काही दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात एक देह तरंगताना दिसला. खिशातल्या वस्तू काढून खलाशांनी तो पुन्हा पाण्यात सोडला. त्या वस्तू आपल्या वडिलांच्याच आहेत, हे धाकट्या मुलाने ओळखले. पाय घसरला, त्यांनी स्वतः जीव दिला, की कोणी घात केला? लोकांनी पुष्कळ तर्क लढवले. उत्तर समुद्राजवळच राहिले.

डिझेल इंजिन असलेला पहिला ट्रक पाहायला ते हयात नव्हते. तो जर्मनीत १९२३-२४ मध्ये आला. आपल्याकडे १९५४ मध्ये जमशेदपूरला टाटा आणि डाइम्लर-बेंझ या कंपन्यांनी मिळून ट्रक बनवायला सुरुवात केली आणि देशाचा माल डिझेलवर धावू लागला. त्याची किंमतही कळत गेली. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, असा निर्वाळा २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने दिला.

आता पुन्हा स्पर्धा लागली आहे. मुंबई-पुणे मार्गावर २०२३ पासून विजेवरच्या शिवनेरी बसगाड्या धावतात. न्हावा-शेवा बंदरात २०२५ मध्ये बॅटरी बदलता येणारे विजेचे ट्रक आले. त्याच वर्षी आपल्या देशात हायड्रोजनवरच्या ट्रकांच्या चाचण्याही सुरू झाल्या. लांब पल्ल्याचे बहुतेक ट्रक मात्र डिझेलवरच आहेत. त्यांतले काही पनवेलहून गोव्याच्या रस्त्याने कोलाडपर्यंत जातात आणि तिथे कोकण रेल्वेच्या सपाट वाघिणींवर चढतात. ही सोय १९९९ मध्ये सुरू झाली. २०२२ मध्ये त्या सबंध मार्गाचे विद्युतीकरण पूर्ण झाले. तेव्हा चालक आपल्या ट्रकमध्ये निवांत बसतो, टाकीतले डिझेल तसेच राहते, आणि विजेचे इंजिन त्या सगळ्यांना ओढत कोकणातून खाली गोव्याकडे घेऊन जाते.