ब्लेझ पास्कल

आत्मा डोळ्यांस दिसत नाहीं, मग तो आहे असें कां मानावें? देवास न मानणारा मनुष्यही सभ्यपणें वागतो, मग नीतीसाठीं धर्माची गरज काय? हे प्रश्न खेड्यांतील आपल्या बंधुभगिनींसही कोणी ना कोणी विचारीत असतो. आणि उत्तर न सुचल्यामुळें पुष्कळदां आपण रागावतों, नाहीं तर गप्प बसतों. सतराव्या शतकांत फ्रान्स देशांतील एका ख्रिस्ती विद्वानानें हेच प्रश्न आपल्या स्नेह्यांच्या तोंडून ऐकिले. तो रागावला नाहीं व गप्पही बसला नाहीं. त्याचें चरित्र थोडक्यांत येथें देत आहों.

ब्लेझ पास्कल ह्याचा जन्म ता. १९ जून १६२३ रोजीं क्लेर्मां शहरीं झाला. तो तीन वर्षांचा असतां त्याची आई वारली. बापानें त्यास व त्याच्या दोन बहिणींस घरींच शिकविलें. बापाकडे पुढें रूआं येथें सरकारी कराचें काम आलें, व आंकडेमोड करून तो थकून जाऊं लागला. हें पाहून मुलानें १६४२ सालीं बेरीज-वजाबाकी करणारें चाकांचें यंत्र योजिलें. १६४८ सालीं त्यानें आपल्या मेहुण्याकडून पाऱ्याची नळी एका उंच डोंगरावर नेवविली. पायथ्यापेक्षां माथ्यावर पारा खालीं उतरला, आणि उंचीबरोबर हवेचा दाब कमी होतो हें प्रत्ययास आलें. पुराव्यावांचून कांहीं मानूं नये असें म्हणणाऱ्यांस हा मनुष्य भाबडा वाटण्याचें कारण नव्हतें.

१६५१ सालीं बाप वारला, व पुढल्या वर्षीं धाकटी बहीण झाकलीन पोर्ट रॉयल येथील मठांत गेली. पास्कल पॅरिस शहरीं थोर लोकांच्या बैठकींत वावरूं लागला. तेथें मेरे व मितों ह्या गृहस्थांशीं त्याचा स्नेह जडला. मेरेनें त्यास प्रश्न घातला कीं, जुगाराचा डाव अर्धवट मोडला तर पणाचे पैसे कसे वांटावे. १६५४ सालीं पास्कलनें फर्मा नांवाच्या गणित्याशीं पत्रव्यवहार करून तो सोडविला, आणि त्यांतून संभवाच्या गणिताचा पाया घातला गेला. हे स्नेही दुष्ट नव्हते. आपली संगत दुसऱ्यास सुखाची व्हावी, कोणास दुखवूं नये, हीच त्यांची नीति होती. मरणानंतर काय, ह्याचा ते विचार करीत नसत.

पास्कलच्या मनास मात्र ह्या सुखाचा वीट आला. ता. २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्रीं सुमारें दोन तासपर्यंत त्यास देवाच्या सान्निध्याचा असा अनुभव आला कीं, त्याचें जीवित पालटलें. विद्वानांच्या कल्पनेंतला देव निराळा, आणि आब्राहामादि पूर्वजांस भेटलेला व येशू ख्रिस्ताच्या ठायीं कळणारा देव निराळा, हें त्यास उमगलें. ही हकीकत लिहून तो कागद त्यानें अंगरख्याच्या अस्तरांत शिवून ठेविला, व अंगरखा बदलला म्हणजे तो कागद नव्यांत शिवी. ह्याविषयीं तो कोणाजवळ बोलला नाहीं. त्याच्या मरणानंतर चाकराच्या हातीं तो लागला.

पुढें त्यानें पहिलें युद्ध केलें तें आपल्याच घराशीं. त्या काळीं कांहीं धर्मगुरु पापांगीकार ऐकतांना पापास पळवाटा काढून देत. हेतु चांगला धरिला तर अब्रूसाठीं मनुष्यवधही क्षम्य ठरे. १६५६ व १६५७ सालीं पास्कलनें टोपण नांवानें अठरा पत्रें प्रसिद्ध करून ह्या ढिल्या नीतीचा समाचार घेतला. रोमच्या अधिकाऱ्यांनीं तीं निषिद्ध ठरविलीं. तो मरेपर्यंत रोमन कॅथॉलिक मंडळींतच राहिला, परंतु अन्यायास न्याय म्हणावयास तयार झाला नाहीं.

मग त्यानें संशयवाद्यांसाठीं एक मोठा ग्रंथ योजिला. दुखण्यामुळें तो पुरा झाला नाहीं. राहिले ते सुटे विचार १६७० सालीं छापण्यांत आले. त्याचें म्हणणें असें कीं, आत्मा मर्त्य कीं अमर, ह्यावर नीतीचें सर्व स्वरूप अवलंबून आहे. म्हणून शोध करूनही ज्यास सांपडलें नाहीं त्याची कींव करावी, पण जो शोधच करीत नाहीं त्यानें जागें व्हावें. मितोंस त्याचें उत्तर होतें कीं, सभ्यता स्वार्थावर पांघरूण घालते, त्यास उपटून काढीत नाहीं. पैज लावणाऱ्यांस तो त्यांच्याच भाषेंत सांगे कीं, निवड टाळतां येत नाहीं. देव असेल तर विश्वासणाऱ्याचा लाभ अनंत, आणि नसेल तर तोटा अल्प.

१७३४ सालीं व्हॉल्टेअर ह्यानें ह्यावर आक्षेप घेतला कीं, एखादी गोष्ट खरी असण्यांत माझा लाभ आहे, एवढ्यानें ती खरी ठरत नाहीं. हा आक्षेप खोटा नाहीं. परंतु पास्कलनें पैज हा पुरावा म्हणून मांडिलाच नव्हता. निजलेल्यास हालवून उठवावें, एवढ्यापुरतीच ती होती. उठल्यावर चालावें कोठें, तर ख्रिस्ताकडे. कारण आपली दुर्दशा व देवाची दया हीं दोन्ही तेथेंच एकत्र दिसतात, असें तो मानी.

त्याचें शेवटलें उत्तर शब्दांत नव्हतें. १६६२ सालीं पॅरिसांत पांच सू भाड्याच्या सार्वजनिक गाड्या त्याच्या योजनेनें सुरू झाल्या. त्यांतील आपल्या वांट्यावर आगाऊ पैसे घेऊन ब्ल्वा येथील गरिबांस पाठवावे, अशी त्याची खटपट होती. त्यानें आपल्या घरीं एका गरीब कुटुंबास आश्रय दिला होता. त्यांतील मुलास देवी आल्या. त्यास दुसरीकडे हालवावें असें सर्वांस वाटलें, पण आजारी पास्कल स्वतःच घर सोडून बहीण जिल्बेर्त हिच्याकडे गेला. तेथें ता. १९ ऑगस्ट १६६२ रोजीं, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षीं, त्यानें देह ठेविला. मरणापूर्वीं त्याची इच्छा होती कीं, आपल्यासारखीच शुश्रूषा मिळणारा एक गरीब रोगी त्याच घरांत ठेवावा.

वाचकहो, आत्मा आहे हें आपण कोणास उघडून दाखवूं शकत नाहीं. पण दुसऱ्याच्या आजारी लेंकराचा आत्मा मोलवान समजून आपलें अंथरूण सोडणारा मनुष्य दिसला, म्हणजे शेजारी विचार करूं लागतो. तुमच्या गांवांत कोणी असे प्रश्न घेऊन आला, तर त्यास शत्रु समजूं नका. त्याचें पुरें ऐका, आपल्या मंडळींतील दोष आधीं कबूल करा, आणि मग त्यास ख्रिस्ताविषयीं सांगा.