काथारिना श्रोट

काथारिना श्रोट (जन्म : ड्रेस्डेन, जर्मनी, २२ फेब्रुवारी १८९४, मृत्यू : १९ फेब्रुवारी १९८५) या पाठीच्या कण्याच्या पार्श्ववक्रतेवर, म्हणजेच स्कोलिओसिसवर, शस्त्रक्रियेविना उपचार करण्याची व्यायामपद्धती विकसित करणाऱ्या जर्मन उपचारतज्ज्ञ होत्या. त्या डॉक्टर नव्हत्या. त्या स्वतःच या विकाराच्या रुग्ण होत्या. आपल्या शरीराचे निरीक्षण करून त्यांनी जी पद्धत बसवली, ती आज 'श्रोट पद्धत' या नावाने ओळखली जाते.

विकाराचे स्वरूप

निरोगी माणसाचा कणा मागून पाहिल्यास सरळ दिसतो. स्कोलिओसिसमध्ये तो एका बाजूस झुकतो आणि त्याच वेळी मणके स्वतःभोवती पिळले जातात. त्यामुळे एका बाजूच्या बरगड्या मागे उचलल्या जाऊन पाठीवर उंचवटा येतो, तर दुसरी बाजू खोलगट होते. क्ष-किरण चित्रावर मोजलेला बाक १० अंश किंवा त्याहून अधिक असल्यास त्यास स्कोलिओसिस म्हणतात. मोजणीची ही रीत अमेरिकन शल्यविशारद जॉन कॉब यांच्या नावाने 'कॉब कोन' म्हणून रूढ आहे. बहुतेक रुग्णांत विकाराचे नेमके कारण सापडत नाही. किशोरवयीन मुलामुलींपैकी सुमारे २ ते ३ टक्क्यांमध्ये तो आढळतो. वाढीच्या वयात बाक वेगाने वाढू शकतो आणि तो तीव्र होण्याचे प्रमाण मुलींमध्ये बरेच अधिक असते.

सुरुवातीचे जीवन

काथारिना यांच्या कण्यास मध्यम स्वरूपाचा बाक होता. वयाच्या १६ व्या वर्षी त्यांना पोलादी पट्टा बांधण्यात आला. शरीराबाहेरून धातूचा आधार देऊन कणा सरळ ठेवण्याची कल्पना जुनी होती. सोळाव्या शतकात फ्रेंच शल्यविशारद आंब्रोझ पारे यांनी लोखंडी कंचुकीचे वर्णन केले होते. या उपचारात रुग्णाला स्वतः करण्यासारखे काही नसे. काथारिना यांना हे समाधानकारक वाटले नाही व त्यांनी स्वतःच मार्ग शोधण्यास आरंभ केला.

त्यांना मार्ग सुचला तो एका फुग्यावरून. दबलेला फुगा हवा भरताच पुन्हा फुगतो. तसेच छातीच्या खोलगट भागात श्वास भरला तर तो भाग आतून बाहेर ढकलता येईल, असा त्यांचा तर्क होता. आरशासमोर उभे राहून त्या शरीराच्या खोलगट बाजूकडे श्वास वळवण्याचा सराव करू लागल्या. बाक ज्या दिशेने आहे त्याच्या उलट दिशेने धड नेण्याच्या हालचालीही त्यांनी बसवल्या. या सरावातून त्यांना एक गोष्ट उमगली. स्कोलिओसिसच्या रुग्णाला आपली वाकडी ठेवणच सरळ वाटत असते. म्हणून स्नायूंना बळकटी देणे पुरेसे नाही. शरीराच्या ठेवणीची जाणीवही बदलावी लागते.

माइसेन येथील कार्य

१९२१ मध्ये त्यांनी माइसेन येथे लहानसे उपचारकेंद्र सुरू केले. तेथे रुग्ण साधारण तीन महिने राहून दररोज अनेक तास व्यायाम करीत. उपचारांचा बराचसा भाग मोकळ्या हवेत चाले. १९२४ मध्ये त्यांचे श्वसनोपचारावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. पुढे त्यांच्या कन्या क्रिस्टा याही या कामात सहभागी झाल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर माइसेन पूर्व जर्मनीत गेले आणि काही काळाने मायलेकींनी पश्चिम जर्मनीत स्थलांतर केले.

सोबर्नहाइम

१९६० च्या दशकाच्या आरंभी नाहे नदीकाठच्या सोबर्नहाइम या गावी दोघींनी नवे केंद्र स्थापन केले. ते वाढत जाऊन तेथे एका वेळी १५० हून अधिक रुग्ण राहू लागले. उपचाराचा काळ साधारण सहा आठवड्यांचा झाला. क्रिस्टा लेनर्ट-श्रोट यांनी बाकाच्या प्रकारांनुसार रुग्णांचे वर्गीकरण केले आणि १९७३ मध्ये या त्रिमितीय उपचारावर पुस्तक लिहिले. १९८० च्या दशकात केंद्रास काथारिना श्रोट यांचे नाव देण्यात आले. काथारिना यांना जर्मन संघीय प्रजासत्ताकाच्या गुणवत्ता सन्मानाने गौरवण्यात आले.

उपचाराची पद्धत

या पद्धतीत प्रत्येक रुग्णाचा व्यायाम त्याच्या बाकानुसार ठरतो. प्रथम कणा लांब ताणला जातो, मग धड उलट दिशेने वळवले जाते, खोलगट भागात श्वास भरला जातो आणि श्वास सोडताना स्नायू आवळून ती स्थिती टिकवली जाते. आरसा, भिंतीवरील आडव्या दांड्या, लहान उशा आणि उपचारकाच्या हाताचा स्पर्श यांची मदत घेतली जाते. शिकलेली ठेवण बसता-उठता, चालताना राखणे हेही उपचाराचेच अंग मानले जाते.

मूल्यमापन

श्रोट यांच्या हयातीत या पद्धतीचा आधार मुख्यतः रुग्णांचा अनुभव व छायाचित्रे हा होता. यादृच्छिक तुलनात्मक चाचण्या त्यांच्या मृत्यूनंतर बऱ्याच काळाने झाल्या. कॅनडातील ५० किशोरवयीन रुग्णांच्या अशा एका चाचणीचे निष्कर्ष २०१५ व २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीच्या देखरेखीस व पट्ट्यास सहा महिने श्रोट व्यायामांची जोड दिलेल्या गटात बाकाची स्थिती तुलनेने चांगली राहिली. मात्र फरक काही अंशांचाच होता. अशा चाचण्या लहान असल्याने दीर्घकालीन परिणामाविषयी ठाम निष्कर्ष काढता येत नाही.

पट्ट्याच्या उपचारास अधिक भक्कम पुरावा मिळाला आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिका व कॅनडातील अभ्यासात पट्टा वापरणाऱ्यांपैकी ७२ टक्के, तर केवळ देखरेखीखाली असलेल्यांपैकी ४८ टक्के रुग्णांचा बाक वाढ पूर्ण होईपर्यंत ५० अंशांच्या खाली राहिला. पट्टा जितके अधिक तास वापरला, तितका लाभ अधिक दिसला. अर्थात, ज्या साधनाला पर्याय म्हणून श्रोट यांनी व्यायाम शोधला, त्याच साधनाच्या जोडीने आज तो व्यायाम सुचवला जातो.

कायरोप्रॅक्टिक उपचारात मणक्यांवर हाताने दाब वा झटका दिला जातो. त्याने काही रुग्णांची पाठदुखी कमी होऊ शकते. परंतु त्यामुळे स्कोलिओसिसचा बाक कमी होतो किंवा वाढायचा थांबतो, असे दाखवणारा विश्वसनीय पुरावा नाही. वाढीच्या वयातील बाक साधारण ४५ ते ५० अंशांपलीकडे गेल्यास शस्त्रक्रियेचा विचार केला जातो. म्हणूनच कोणत्याही शस्त्रक्रियाविरहित उपचारात अस्थिरोगतज्ज्ञाकडून ठरावीक काळाने तपासणी आवश्यक ठरते.

वारसा

श्रोट पद्धतीवर आधारित किंवा तिच्यापासून प्रेरित व्यायामप्रणाली आज अनेक देशांत शिकवल्या जातात. काथारिना श्रोट यांनी केलेले काही दावे पुढील संशोधनाने मर्यादित केले. तथापि रुग्णाने स्वतःच्या शरीराची ठेवण समजून घेऊन उपचारात सक्रिय भाग घ्यावा, हा त्यांचा विचार स्कोलिओसिसच्या उपचारांत रुजला आहे.