आकाशगंगेचा छायाचित्रकार : एडवर्ड बार्नार्ड

विद्यार्थिमित्रहो, सकाळीं शाळेची घंटा ऐकून तुमच्यापैकीं कित्येकांच्या कपाळास आठ्या पडत असतील. ज्याच्या वांट्यास उभ्या आयुष्यांत अवघे दोन महिने शाळा आली, आणि तरीहि थोर ज्योतिष्यांच्या मालिकेंत ज्यानें स्थान मिळविलें, अशा एका पुरुषाचें चरित्र आज तुम्हांस सांगावयाचें आहे.

एडवर्ड एमर्सन बार्नार्ड याचा जन्म अमेरिकेंतील टेनेसी संस्थानांत, नॅशव्हिल शहरीं, १६ डिसेंबर १८५७ रोजीं झाला. जन्मापूर्वींच त्याचे वडील वारले होते. आई मेणाचीं फुलें करून विकी आणि त्या तुटपुंज्या मिळकतीवर संसार चालवी. त्यांतच देशांत यादवी युद्ध पेटलें व होतें नव्हतें तेंहि गेलें. मुलाला लिहावयास वाचावयास तिनेंच शिकविलें.

नवव्या वर्षाच्या सुमारास एडवर्ड एका छायाचित्रकाराच्या दुकानांत नोकरीस लागला. त्या काळीं छायाचित्र मोठें करावयाचें तर प्रखर सूर्यप्रकाश लागे. त्यासाठीं गच्चीवर एक अवजड यंत्र बसविलेलें होतें. सूर्य जसजसा सरके तसतसें तें यंत्र हातानें फिरवीत राहणें, हें या मुलाचें काम. त्याच्या आधींचीं मुलें उन्हांत डुलक्या घेत. हा मात्र जागा राही. आकाशांतील तेजाचा एकाग्रतेनें पाठलाग करण्याचा हा धडा त्याला जन्मभर पुरला.

एकदां कोणी परिचितानें दोन डॉलर उसने नेतांना तारण म्हणून त्याच्यापाशीं एक पुस्तक ठेविलें. पैसे परत आले नाहींत, पुस्तक राहिलें. तें ज्योतिषाचें निघालें! लहानपणापासून ओळखीच्या झालेल्या ताऱ्यांचीं नांवें त्याला त्यांतील नकाशांत सांपडलीं. पुढें वर्षाच्या पगाराचा सुमारें दोनतृतीयांश भाग, म्हणजे ३८० डॉलर, खर्चून त्यानें पांच इंची दुर्बीण घेतली.

१८७७ सालीं नॅशव्हिल येथें शास्त्रज्ञांची परिषद भरली. तिचे अध्यक्ष, विख्यात ज्योतिर्विद सायमन न्यूकम, यांस हा तरुण मोठ्या आशेनें भेटला. गणित येत नसेल तर दुर्बिणीचा छंद सोडून द्यावा, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. बार्नार्ड खांबाआड जाऊन रडला. मात्र रडून झाल्यावर त्यानें शिक्षक गांठून गणिताचा अभ्यास आरंभिला. दिवसा दुकान, रात्रीं आकाश आणि उरल्या वेळांत गणित, असा त्याचा क्रम सुरू झाला.

१८८१ सालीं त्याचा रोडा कॅल्व्हर्ट हिच्याशीं विवाह झाला. त्या सुमारास एका धनिकानें नव्या धूमकेतूच्या शोधास दोनशें डॉलरांचें बक्षीस लाविलें होतें. बार्नार्डनें एकामागून एक धूमकेतु हुडकले आणि घराचें कर्ज त्या बक्षिसांतून फेडीत आणलें! १८८३ सालीं व्हँडरबिल्ट विद्यापीठानें त्यास आपल्या वेधशाळेंत घेऊन शिक्षणाची सोय करून दिली. १८८८ सालीं तो कॅलिफोर्नियांतील लिक वेधशाळेंत रुजू झाला. तेथें १८९२ च्या सप्टेंबरांत त्यानें गुरूचा पांचवा उपग्रह शोधून काढला. गॅलिलिओनें चार उपग्रह पाहिल्यास तेव्हां २८२ वर्षें लोटलीं होतीं.

परंतु त्याचें खरें जीवितकार्य निराळेंच होतें. माणसांच्या तसबिरी काढण्यासाठीं पूर्वीं एका दुकानांत वापरलेलें सहा इंची जुनें भिंग वेधशाळेनें विकत घेतलें होतें. मोठ्या दुर्बिणीस आकाशाचा चिमूटभर भाग दिसतो. ह्या भिंगांत विस्तीर्ण प्रदेश मावत असे. १८८९ सालीं बार्नार्डनें त्यानें आकाशगंगेचीं छायाचित्रें घेण्यास आरंभ केला. आपला डोळा कितीहि वेळ रोखला तरी अंधुक तारा अधिक तेजस्वी दिसत नाहीं. छायाचित्राच्या कांचेवर मात्र प्रकाश सांचत जातो. म्हणून ती कांच तासन् तास उघडी ठेवावी लागे. तेवढ्या अवधींत पृथ्वी फिरत असते. यंत्राची गति जराशी चुकली कीं ताऱ्यांच्या ठिपक्यांच्या रेघा होत. यास्तव जोडदुर्बिणींतील तारा उभ्याआडव्या तारांच्या छेदावरून ढळूं न देतां तो बसून राही. गच्चीवरचा तोच मुलगा, फक्त सूर्याच्या जागीं आतां तारा!

ह्या चित्रांत तेजोमेघ व असंख्य तारे तर उमटलेच. शिवाय त्यांमध्यें काळे डागहि दिसले. तीं आकाशांतील रितीं विवरें होत, असा विल्यम हर्शेलच्या काळापासूनचा समज होता व बार्नार्डहि प्रथम तसेंच मानी. पुढें १८९५ सालीं तो यर्क्स वेधशाळेंत गेला. तेथें १९१३ च्या उन्हाळ्यांत एका निरभ्र रात्रीं धनु राशीवर त्याला लहान लहान ढगांचा एक पुंजका दिसला. आपल्याच वातावरणांतील ते ढग तेजस्वी ताऱ्यांपुढें अगदीं त्याच्या चित्रांतील डागांसारखे काळेभोर दिसत होते! वीस वर्षें बाळगलेलें मत सोडणें सोपें नसतें. परंतु पुराव्यापुढें त्यानें तें हळूहळू सोडलें. त्यांतील पुष्कळसे डाग म्हणजे मागील तारे झांकणारे काळे मेघ होत, असें ठरवून १९१९ सालीं त्यानें अशा १८२ डागांची यादी प्रसिद्ध केली. १९३० सालीं रॉबर्ट ट्रम्पलर यानें ताऱ्यांमधील धूळ प्रकाश अडविते, हें मोजमापानें सिद्ध केलें. अशाच थंड, काळ्या मेघांत नवे तारे जन्मास येतात, हें आतां आपणांस ठाऊक आहे.

आपल्या निवडक चित्रांचा संग्रह छापील न निघतां खऱ्या छायाचित्रांचा निघावा, असा बार्नार्डचा आग्रह होता. सातशें प्रतींसाठीं काढलेलीं पस्तीस हजारांहून अधिक चित्रें त्यानें स्वतः एकेक करून तपासलीं. पण ग्रंथ पाहण्याचें भाग्य त्यास लाभलें नाहीं. ६ फेब्रुवारी १९२३ रोजीं तो निवर्तला. राहिलेलें काम त्याच्या पत्नीची पुतणी मेरी कॅल्व्हर्ट व वेधशाळेचे संचालक एडविन फ्रॉस्ट यांनीं पुरें केलें आणि १९२७ सालीं ग्रंथ बाहेर पडला.

बालमित्रांनो, येत्या मे महिन्याच्या सुटींत गांवीं गेलां म्हणजे चंद्र नसलेल्या एखाद्या उत्तररात्रीं अंगणांत येऊन दक्षिणेकडे पाहा. वृश्चिक आणि धनु या राशींजवळ आकाशगंगेच्या दुधाळ पट्ट्यांत काळ्या चिरा दिसतील. त्या चिरांत काय आहे, हें शोधण्यास ज्यानें आपल्या रात्री वेंचल्या, त्या नॅशव्हिलच्या गरीब मुलाची तेव्हां आठवण करा. आणि सुटी संपल्यावर शाळेची घंटा झाली म्हणजेहि करा.